तळाचे वेढे

दारावरच्या खुंट्यांवरून माझी काठी गायब झाल्याचं माझ्या लक्षात आलं तेव्हा माझ्या एका हातात दुधाच्या बाटलीचं बूच होतं आणि दुसऱ्या हातात गोटी. गोटी म्हणजे आमची मुलगी. रांगायला लागल्यापासून कुठल्या पलंगाखाली घरंगळत जाईल नेम नाही, म्हणून गोटी.

"अरे, माझी काठी कुठेय?"

"आहे ना. डॉक्टरांकडे आहे," नवरा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. "नवी दोरी भरायला नेलीय."

"दातांच्या डॉक्टरांकडे?"

"मग काय कानांच्या?"

सासूबाई आतल्या खोलीत दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. तिथे हसल्याचा आवाज आला. त्या ह्याच्या विनोदाला हसल्या की माझ्या प्रश्नाला, ते मी विचारलं नाही.

काठी माझी आहे, हे इथेच सांगून ठेवते. पदवी मिळाली तेव्हा बरोबरच्या मुलींना घड्याळं मिळाली, बाबांनी मला मासे धरायची काठी घेऊन दिली. दोन तुकड्यांची, जोडली की आमच्या छताला टेकते. किनाऱ्यावर उभं राहून फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गळ फेकायचा असेल तर एवढी लांब काठी लागतेच. लग्नानंतर नवऱ्याला गळ फेकायला शिकवलं ते मी. पहिल्या दिवशी त्याने स्वतःचाच सदरा गळाला लावला होता. मग दिवस गेले, मग गोटी झाली, आणि काठी खुंटीला टांगली गेली. नवरा आपली काठी घेऊन रविवारी सकाळी जात राहिला. मी गॅलरीतून त्याला हात करायची आणि आत येऊन गोटीचा ताप बघायची. ताप नसायचा. पण बघितलेला बरा.

मग ह्याची दाढ दुखायला लागली.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे तो गेला, तिला मी दातवाली म्हणते. तोंडावर नाही, मनात. तिने ह्याच्या दाढेचं काम केलं, बरं केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तोंडात कापूस कोंबलेला असताना ह्या माणसाने तिला समुद्रावर यायचं आमंत्रण दिलं कसं, हे मला अजून उलगडलेलं नाही. घरी 'मीठ दे' म्हणायला ह्याचं तोंड उघडत नाही!

"तिलाही आवड आहे गं," तो म्हणाला होता. "आणि उंच आहे, तुझी काठी तिला बरोबर होते. नुसती पडूनच होती ना?"

नुसती पडूनच होती. घरात बरंच काही नुसतं पडून होतं, पण ते दातवालीला न्यावंसं कुणाला वाटलं नाही.

शनिवारी संध्याकाळी काठी परत आली. रिळावर लिंबाच्या रंगाची नवी दोरी. माझी नायलॉनची होती. ही ब्रेडेड, म्हणजे बारीक बारीक धाग्यांची घट्ट वेणी घातलेली. नवऱ्याने ती दिव्यासमोर धरली आणि नव्या नवरीचं करावं तसं तिचं कौतुक सुरू केलं.

"बघ, शिवायच्या दोऱ्याएवढी बारीक. पण ओढून बघ, तुटायची नाही. बारीक म्हणून वाऱ्याला अडत नाही, लांब जाते. आणि नायलॉनसारखी ताणत नाही. मासा तिकडे आमिष नुसतं हुंगून गेला तरी इकडे बोटाला कळतं."

अशी एक दोरी माणसांना बांधायची मिळते का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

मी दोरीचं टोक हातात घेतलं. टोकाला जाड नायलॉनचा तुकडा जोडावा लागतो, कारण फेकताना सगळा झटका तिथेच बसतो. त्या जोडावरची गाठ मी बोटाने चाचपली. तांदळाच्या दाण्यासारखी गुळगुळीत, एकसारखी गाठ.

"ही तुझी गाठ नाही."

"नाहीच. ती बांधते. टाके घालायच्या चिमट्याने." त्याच्या आवाजात अभिमान होता. "एकाने दोरी ताणून धरायची आणि दुसऱ्याने वेढे घ्यायचे. एकट्याचं काम नाही ते."

"मग धरली कुणी?"

"मी धरली. दवाखाना बंद झाल्यावर. का गं?"

का गं म्हणे! लग्नाच्या पहिल्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलाशी गाठी बांधायचो तेव्हा दोरी ताणून धरायचा तो माझ्यासाठी. नाकाला नाक लागायचं. सासूबाई खाकरून स्वयंपाकघरात यायच्या. आता तो ती दोरी दुसऱ्या कुणाच्या दिव्याखाली धरतो आणि मला विचारतो, का गं.

"दोरीवरून एवढं तोंड कशाला पाडायचं?" सासूबाई म्हणाल्या. "बाळ झालं की बाईची काठी खुंटीलाच जाते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा."

मी काठी खुंटीवर ठेवायला उचलली आणि सवयीने दोरीला एक हिसका दिला. रीळ जागचं हललं नाही, दोरी मात्र हातात आली. रिळाचा ब्रेक घट्ट होता, मी बघितला. पुन्हा ओढली. गुंडाळलेली सगळीच्या सगळी दोरी, बांगडी मनगटावर फिरावी तशी, रिळाच्या गुळगुळीत धातूवरून सरकली.

"माझी जुनी नायलॉन कुठेय?"

"काढून टाकली सगळी. उगाच जागा अडवत होती."

मला कळलं. बाबा सांगायचे, विणलेली दोरी कधीच उघड्या धातूवर गुंडाळायची नाही. तळाला आधी नायलॉनचे थोडे वेढे घ्यायचे, ते रिळाला धरून बसतात, मग त्यांच्यावर ही. नाहीतर वरवर सगळं नीट दिसतं, आणि जोराचा मासा लागला की दोरी सगळी एकदम फिरते. मग ब्रेक आवळा नाहीतर देवाचं नाव घ्या.

तोंड उघडलं होतं मी. पण मग वाटलं, थांब. उद्या सांगू. तिथे, वाळूत, तिच्या देखत. एवढी मोठी डॉक्टर, तांदळाएवढी गाठ बांधणारी, आणि तळाला काय लागतं ते माहीत नाही! वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं: "अहो डॉक्टर, पाया न घालता दात बसवता का तुम्ही?"

"उद्या मीही येणार आहे," मी म्हटलं.

"तू? आणि गोटी?"

"गोटीही येणार आहे."

त्या रात्री मला छान झोप लागली.

सकाळी मी एका पिशवीत टोपी, दोन दुपटी, उकळून गार केलेलं पाणी, तापमापक, पावडर आणि गळ टोचलाच तर म्हणून औषधाची पेटी भरली. नवरा पिशवीकडे बघून म्हणाला, "आपण परत येणार आहोत ना?"

ती आमच्या आधी येऊन उभी होती. उंच, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, उजव्या तर्जनीला चामड्याची टोपी. ही दोरी बारीक असल्यामुळे फेकताना बोट कापते, म्हणून ती घालावी लागते. तिच्या त्या बोटात ती अंगठीसारखी शोभत होती, हे मला मुळीच आवडलं नाही.

"या वहिनी!" ती म्हणाली. माझ्याहून चांगली चार-पाच वर्षांनी मोठी, आणि मी वहिनी. मग नवऱ्याकडे वळून, "तू आमिष आणलंस ना?"

तू. फोनवर 'तुम्ही' असायचं. भिंतीला कान लावून ऐकलेलं नाही मी, आमची खोली लहान आहे.

"या ना, आधी तुम्हीच टाका," तिने काठी माझ्यापुढे केली. माझीच काठी मला, पाहुणीला पुढे करावी तशी. गोटीने माझ्या मानेला मिठी मारलेली. ती कुणाकडे जात नाही; सासूबाईंनी नुसते हात पुढे केले तरी किंचाळते.

"नको. तुम्ही टाका. मी बघते."

बघत होते मी. पाय कुठे टाकते, कोपर किती उचलते, एक तरी चूक सापडावी म्हणून बघत होते. तिने अंग मागे झुकवलं, काठी डोक्यावरून आली, आणि दोरी शीळ घालत निघाली ती फुटत्या लाटा ओलांडून पार पलीकडच्या शांत हिरव्या पाण्यात. माझ्या गळाचं शिशाचं वजन कधी तिथवर गेलं नव्हतं. नायलॉन जायचीच नाही. तिने वळून माझ्याकडे बघितलं, शाबासकीसाठी. मी गोटीची टोपी सारखी केली.

आता सांगायचं, असं मनात आलं आणि नेमका गोटीने घोळ केला. मी वाळूत दुपटं पसरून तिचा लंगोट बदलायला बसले. वाक्य तयार होतं, हात भरलेले होते. एवढ्यात काठी वाकली.

वाकली म्हणजे अशी, की टोकाने लाटेला नमस्कार केला.

"लागला!" ती लहान मुलीसारखी ओरडली. हँडल फिरवलं. फिरवत राहिली. दोरी येईना, उलट सरसर जायला लागली.

"ब्रेक आवळ!" नवरा आपल्या काठीपाशी उभा राहून ओरडला.

"आवळलाय! पूर्ण आवळलाय!"

"मग रीळ बिघडलं!"

रीळ बिघडलं नव्हतं. मी गोटीला उचलून उभी राहिले, आणि खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मला बरं वाटलं. मग तिने नवखा माणूस करतो ते केलं. डाव्या हाताने दोरी धरली आणि तळहाताभोवती गुंडाळायला लागली.

बाबांच्या तळहातावर एक पांढरी रेघ होती. ज्योतिष्याने हात बघितला की तो तिथे अडायचा, आणि बाबा हसत म्हणायचे, ही देवाने नाही, दोरीने काढलीय. बोट अर्धवट मिटायचं त्यांचं त्यानंतर. आणि ही तर हाताचंच खाते. ह्या हाताने लोकांच्या तोंडात सुया घालते.

"सोड!" मी ओरडले. "अगं सोड! हातातली दोरी सोड आधी!"

ती दचकली. वेढे सैल झाले, तरी तळहातावर लाल वळ उठलाच. मी धावले. धावताना पायात वाळू, कडेवर गोटी, खांद्यावर दुपटं. तिच्या हातातून काठी घेतली, आणि काठी घ्यायची तर हात मोकळे हवेत म्हणून गोटी तिच्या हातात दिली. विचार केलाच नाही. केला असता तर दिली नसती.

दुपटं रिळावर गुंडाळलं, दोन्ही हातांनी दोरीसकट आवळून धरलं, आणि काठी पोटाशी घेतली. दोरी थांबली. पलीकडून जे काही ओढत होतं ते मला थेट पोटात जाणवलं. नायलॉनमध्ये असं कधी जाणवलं नव्हतं. जणू तो प्राणी आणि मी, मध्ये काहीच नाही. नवरा खोटं बोलत नव्हता.

"आता?" नवरा धावत आला.

"आता गुंडाळता येणार नाही. मी मागे मागे जाते. तू पाण्यात शीर. आणि हाताने धरू नकोस, शर्टात धर."

"पण झालंय काय?"

"तळाला... नायलॉनचे वेढे... नाहीत," मला धाप लागली होती. रात्रभर घोळवलेलं वाक्य असं तुकड्यातुकड्यांत बाहेर पडलं, आणि कुणाला लाजायला वेळही नव्हता. "उघड्या धातूवर धरतच नाही ही. सगळी फिरते."

"मी म्हटलं होतं ह्याला!" दातवाली मागून म्हणाली. "म्हटलं, वहिनींना एकदा विचारू या. तर म्हणाला, तिला आता कुठला वेळ."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो घाईघाईने पाण्यात शिरला. एवढ्या उत्साहाने त्याला पाण्यात शिरताना मी कधी बघितलं नव्हतं.

"तुझ्याशी घरी बोलते!" मी ओरडले.

"आधी मासा!" तो कमरेएवढ्या पाण्यातून ओरडला.

मी मागे मागे चालायला लागले. एक पाऊल, मग काठी वाकते, दम धरायचा, मग पुढचं पाऊल. दंड भरून आले होते, पाठ मोडत होती, आणि मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी. ओली वाळू संपली, कोरडी लागली. रस्त्यावर सायकल थांबवून कुणीतरी बघत होतं. समुद्राकडे तोंड करून समुद्रापासून लांब जाणारी बाई त्याने बहुधा पहिल्यांदाच बघितली असेल.

मग माझ्या लक्षात आलं की गोटी रडत नाही.

ती दातवालीच्या कडेवर होती. कुणाकडेही न जाणारी माझी गोटी. तिने एक हात दातवालीच्या गळ्यात टाकला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या तोंडात घालून एकेक दात दाबून बघत होती. दातवाली आ करून, मान वाकडी करून, जाम शहाण्या पेशंटसारखी उभी. काहीतरी 'आं आं' म्हणाली, आणि गोटी खळखळून हसली. मला त्या वाऱ्यातही ऐकू आलं.

काठी सोडली तर मासा जाणार होता. धरून ठेवली तर मला आणखी मागे जावं लागणार होतं. मी मागे गेले. प्रत्येक पावलाला त्या दोघी लहान होत गेल्या.

"मागे बघून चाल गं, पडशील!" नवरा ओरडला.

मी मागे बघितलं नाही.

फेसातून एक रुंद, तपकिरी अंग वर आलं आणि वाळूवर पालथं पडलं. पाखट होतं, शेपटीला विषारी काटा असणारा चपटा मासा, गोटीच्या पाळण्यात मावलं नसतं एवढं. नवरा नाचायला लागला. मग शेपटीचा काटा आठवला तसा लांबूनच नाचायला लागला. गळ काढून त्याला पाण्यात सोडायचं म्हणून तो चिमटा शोधत फिरत होता. चिमटा दातवालीच्या खिशात होता. तिने तो एका हाताने त्याला दिला. दुसऱ्या हातात गोटी तशीच.

मी दुपटं उलगडलं. रिळावरची दोरी पुन्हा सैल झाली. घरी जाऊन आज सगळी उतरवायची, तळाला नायलॉन घ्यायची, आणि दोरी कुणी ताणून धरायची तेही ठरवायचं होतं. मी आधीच ठरवलं होतं.

"वहिनी!" दातवालीने गोटीचा हात धरून माझ्याकडे हलवला. "पुढच्या रविवारी हिला मी घेते. काठी तुमची!"

काठी माझी. आणखी काय हवं होतं मला?

"गोटी!" मी हाक मारली. गोटीने मान वळवली नाही. ती खालच्या दातांपर्यंत पोचली होती.

"बघू!" मी ओरडून सांगितलं आणि काठी खांद्यावर टाकून, जमेल तेवढ्या साध्या चालीने, त्यांच्याकडे धावत सुटले.