खिडकीतला फोन

अपेक्षाच्या घरात मोबाइलला रेंज यायची ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. आंदर मावळातलं गाव, तिन्ही बाजूंनी डोंगर, टॉवरवाल्याला तरी किती शिव्या घालायच्या! म्हणून कंपनीतून आली की ती फोन खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी ठेवायची. तिथं तो वाजला की अख्ख्या घराला ऐकू जायचं. आणि आदिनाथमुळे तो सारखा वाजायचा.

आदिनाथ इंदुरीचा. कान्हे फाट्यावरच्या कंपनीत अपेक्षाच्याच लाइनचा लीडर. कामात चोख, जिभेवर साखर, वयस्कर बायकांना मावशी-मावशी करणारा. कंपनीत तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. शिफ्ट सुटून ती घरी टेकली, की ह्याचं सुरू. 'पोचलीस का?' 'जेवलीस का?' 'आज केस मोकळे होते, छान दिसत होतीस.' उत्तर दिलं नाही तर फोन. फोन कट केला तर 'राग आला का माझा?' राग येणार नाही तर काय, ओवाळणार आहे का तुला, मेल्या?

ब्लॉक करावा, तर उद्याची पाळी कोणती आणि न्यायला गाडी किती वाजता, हे त्याच्याच नंबरवरून यायचं. तिनं दोनदा तोंडावर सांगितलं, "कामाशिवाय मेसेज करत जाऊ नका." तो हसला. "अगं, काळजीनं विचारतो. तुम्हा डोंगरातल्या मुलींना लगेच काहीतरी वाटतं."

तिला ती नोकरी हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. गेज लावून, माप बरोबर आहे का बघून, ती पार्ट तपासायची आणि तिनं बाजूला काढलेला पार्ट मोठा इंजिनिअरसुद्धा परत पुढं ढकलू शकत नव्हता. घरात म्हणा, गावात म्हणा, तिचा शब्द असा कुणी कधी मानलाच नव्हता. पण वडिलांनी, भिमाजींनी, पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "पोरी, तुजं नाव कुनाच्या तोंडी आलं, की काम बंद."

एकदा तिचे हात पिठात असताना फोन वाजला आणि आईनं, नंदाबाईनं, तो उचलून नाव वाचलं.

"ह्यो आदिनाथ कोन गं?"

अपेक्षानं सगळं सांगितलं. नंदाबाई ओरडली नाही, घाबरली. नवऱ्याला कळू न देता तिनं नणंदेला, सरुबाईला, विचारलं. आणि सरुबाईनं चुटकीसरशी तोड काढली.

"पोरीला म्हनावं, राखी बांद त्याला. चार मानसांदेखत. मी न्हाई का त्या गिरनीवाल्याला बांदली? मरंस्तवर मान खाली घालून दळान दिलं त्यानं मला."

अपेक्षाला पटलं. का पटू नये? लहानपणापासून तिनं हेच तर पाहिलं होतं. राखीपौर्णिमेला चहाच्या सुट्टीत सगळ्या लाइनसमोर तिनं आदिनाथच्या मनगटाला राखी बांधली. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. आदिनाथचे डोळे भरून आले हो! "आजपासून ही माझी ताई," तो मोठ्यानं म्हणाला. अपेक्षा त्या दिवशी गाडीत गाणं गुणगुणत आली.

चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी फोन आला तो नंदाबाईनंच हौसेनं घेतला. "मावशी, ताई हाय का?" म्हणाला. झालं! आता आई स्वतः तिला खिडकीशी बोलावून फोन तिच्या कानाला लावू लागली. पुढच्या रविवारी तो केळी घेऊन दारात हजर. भिमाजींच्या शेजारी बसून भाताला खत किती घातलं हे विचारलं, दोन पोती उचलून आत ठेवली. "भाऊ असावा तर असा," भिमाजी म्हणाले. बिचाऱ्याला आधीचं काही ठाऊकच नव्हतं.

तो बाहेर पडला आणि खिडकीत मेसेज आला. 'राखी लोकांसाठी होती. आता तुझ्या घरी यायला मला कोण अडवतंय?'

तिनं तो आईला दाखवला. नंदाबाईनं पदर तोंडाला लावला. "तुज्या बापाला सांगू नगंस. राखी बांदलीया आपून. आता भावाचं असलं सांगितलं तर लोक तुलाच नावं ठेवतील, बाई." अपेक्षानं पुन्हा फोन पाहिला, तर मेसेज पुसलेला. तो तसंच करायचा, तिनं वाचलं की पुसायचा. मागे उरायचं ते फक्त 'पोचलीस का' आणि 'जेवलीस का'.

शेवटी ती ऑफिसात, मुलींच्या तक्रारी बघणाऱ्या रेणुका मॅडमकडे गेली. मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी दार लावून सगळं ऐकलं. मग आदिनाथला बोलावलं. त्यानं राखीचा फोटो दाखवला आणि मान खाली घातली.

"अपेक्षा, तो तुझ्या घरी येतो. तुझे वडील त्याला मुलासारखं मानतात. राखी तूच बांधलीस," तो गेल्यावर मॅडम म्हणाल्या. "मी तक्रारीत लिहू काय? जेवलीस का असं विचारलं म्हणून?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अपेक्षानं गेज टेबलावर ठेवला आणि नोकरी सोडली. घरी सांगितलं, उभं राहून पाय सुजतात. सिमकार्ड मोडून चुलीत घातलं आणि फोन पेटीत टाकला. हातात विळा घेऊन ती भात कापायला लागली. रडू येत होतं, पण खिडकी गप्प होती. एवढं तरी मिळालं, असं तिनं मनाला समजावलं.

भाऊबीजेला मोटारसायकल दारात थांबली.

"अगं, भाऊ आलाय, पाट मांड," भिमाजींनी हाक दिली. नंदाबाईनं लेकीकडे पाहिलं, नजर वळवली आणि निरांजन लावून ताट तिच्या हातात दिलं. अपेक्षा बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आदिनाथला ओवाळलं. त्यानं ताटात एक खोकं ठेवलं. आत नवा फोन होता, सिम घातलेला.

"ताईचा जुना लागतच न्हाई, आबा. जिवाला घोर लागतो."

"बघ, किती काळजी!" भिमाजी म्हणाले. त्यांनी फोन उचलून बायकोकडे दिला. "खिडकीत ठिव, तितं रेंज येती."

नंदाबाईनं तो मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. नव्या सिमचा नंबर आदिनाथशिवाय अजून कुणालाच ठाऊक नव्हता. आदिनाथ लाडू खाऊन, भिमाजींच्या पाया पडून निघाला. त्याची गाडी वळणापलीकडे गेली आणि खिडकीतला फोन वाजला.

"घे की गं," भिमाजी म्हणाले, "भावाचा आसंल."