नाव हरसूलचं, वार पेठचा
वैष्णवीने बनवलेल्या वेबपानावर गाव निवडलं की जनावरांच्या डॉक्टरांची फिरती गाडी तिथे कोणत्या वारी येते ते दिसायचं. काम एका संस्थेचं होतं. पंचवटीतल्या छोट्याशा ऑफिसात बसून तिने ते केलं होतं. एका बुधवारी हरसूलहून सिंधुबाई नावाच्या बाईंचा फोन आला.

"ताई, मोबाइलात बुधवार लिवलंय. गाभण शेळी आजारी, उचलून बाजारतळावर आणली, तर गाडीच नाय. शुक्रवारी येते म्हणं."

वैष्णवीने लगेच हरसूल निवडून पाहिलं. शुक्रवार. पुन्हा पाहिलं, शुक्रवारच.

"वाचताना चुकल्या असतील," तिचा वरिष्ठ रविराज म्हणाला.

तिला ते पटेना. "मावशी, हरसूलच्या आधी दुसरं गाव दाबलं होतं का?"

"हां, पेठ. लेक दिलीय तिकडं. तिचं आधी बघितलं."

पेठचा वार बुधवार होता.

वैष्णवीने नेटचा वेग मुद्दाम कमी केला. पेठ दाबलं, मागोमाग हरसूल. नाव चटकन बदललं. वार मात्र सर्व्हरकडून यायचा होता. तोवर पेठचा बुधवार हरसूलच्या नावाखाली तसाच दिसत राहिला. एकदा तर हरसूलचं उत्तर आधी आलं आणि पेठचं रेंगाळत मागून येऊन त्याच्या जागी बसलं. गाव बदललं की वार आपोआप बदलावा, एवढं तिने फ्रेमवर्कला, म्हणजे पान बनवायच्या तयार साच्याला, सांगितलं होतं. उत्तर यायला वेळ लागतो, हे तिने धरलंच नव्हतं. ऑफिसच्या वायफायवर ते कधी जाणवलंही नसतं.

गाव बदलताच आधीची विचारणा रद्द व्हावी आणि नवं उत्तर येईपर्यंत वाराच्या जागी 'थांबा, शोधत आहे' दिसावं, अशी दुरुस्ती तिने संध्याकाळपर्यंत केली.

"लोक कंटाळून पान बंद करतील," रविराज म्हणाला.

"करू देत. चुकीचा वार वाचून घराबाहेर तरी पडणार नाहीत."



शनिवारी तिने स्वतःहून सिंधुबाईंना फोन लावला. शुक्रवारी गाडी आली होती. शेळी वाचली, पोटातलं करडू गेलं. डॉक्टर म्हणाले, बुधवारची ओढाताण झाली नसती तरी करडू वाचलं असतं असं सांगता येत नाही. वैष्णवीला त्याने बरं वाटलं नाही.

"मावशी, तुम्ही बरोबरच वाचलं होतं. चूक माझ्या कामात होती."



"आता नीट केलंस ना?"

"केलंय."

"मग झालं. ठेव आता, चारा टाकायचाय."