मागच्या दाराची फरशी

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आक्काच्या नवऱ्याची मेल्यावरही गेली नव्हती. जाऊन दोन वर्षं झाली, तरी हा माणूस रोज दिवेलागणीला बागेतून यायचा आणि मागच्या दाराशी डुगडुगणाऱ्या फरशीवर पाय द्यायचा. खट्. मग काहीच नाही. दार उघडावं तर अंगण रिकामं, फरशी मात्र अजून हलत असलेली.

"तीस वर्षं सांगितलं, तेवढी फरशी बसवा. तर म्हणे उद्या. आता काय, उद्याच उद्या आहे," आक्का भांडी घासताना बडबडायची. ऐकायला कोणी नसे, म्हणून जरा मोठ्यानेच.

थोरल्या लेकाने अंगण आणि बागेतली पायवाट नव्याने करायला काढली. धड फरशा उलटून पुन्हा बसवायच्या, फुटक्या बदलायच्या. गवंडी म्हातारा, आक्काच्या जिभेला पुरून उरणारा.

"आक्का, ही कोणी बसवली?"

"आमच्या ह्यांनी. म्हणून तर डुगडुगते."

"डुगडुगत नाही, डुगडुगवली आहे." त्याने पहारीने फरशी उचलली. खालची वाळू पाटीसारखी सपाट, आणि बरोबर मधोमध सुपारीएवढा गोटा. "हा चुकून आलेला नाही. खाली अजून चार रुतलेत बघा. एक खचला की वर दुसरा ठेवलाय."

"असलं मुद्दाम कोण करेल?" लेक हसला. "बाबांना जमत नव्हतं म्हणा."

आक्का हसली नाही. धाकटी लेक तापात गेली, तीही फरशी डुगडुगू लागली त्याच वर्षी. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती चुलीकडे तोंड करून रडायची, कोणाला दिसू न देता. खट् झालं की ओल्या हाताने तोंड पुसायचं. हे आत येईपर्यंत डोळे कोरडे, जीभ तयार: "आलात चिखल घेऊन?" नवऱ्याला कधी पत्ता लागला नाही, याचा तिला केवढा तोरा होता.

"गोटा परत ठेवू?" गवंड्याने विचारलं. "डुगडुगतं काम करून माझं नाव जाईल, पण तुम्ही म्हणाल तर."

गोटा गेला की आवाज गेला. आवाजाबरोबर माणूसही जाईल. पण ठेवा म्हणावं तर लेकाला कारण सांगावं लागणार.

"पक्की बसवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती कान देऊन बसली. अंधारलं. फरशी वाजली नाही. मग मात्र आक्का रडली, गळा काढून, तोंड न झाकता.

पाठीमागे ओल्या मातीचा वास आला. तिने वळून पाहिलं. मिटल्या दारापासून तिच्या पाटापर्यंत चिखलाची पावलं उमटली होती, आणि शेवटची दोन तिच्या डोळ्यांदेखत ओली होत होती.

आक्काने तोंड पुसलं नाही.

"लेक काय माझ्या एकटीची होती? आत येऊन चार आसवं गाळायची सोडून बाहेर गोटे मांडत राहिलात. दयाळू नव्हे, भित्रे होतात तुम्ही. बसा इथे."