तिसरा वाडगा

ताईला सकाळपासून कशातच चैन नव्हतं. चहा दोनदा उतू गेला. समोर धाकटा भाऊ पावावर बोटभर जाड लोणी थापत होता आणि तिची नजर त्याच्या सुरीवरून हटत नव्हती.

"अगं ताई, डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. जनुक आहे तुमच्यात, पण जीभ तुमच्या ताब्यात आहे. आता बोल!"

बोलणार काय, कपाळ! ताई त्याच डॉक्टरीणबाईंच्या संशोधन केंद्रात उष्टं तोलायची. कामच ते. माणसापुढे तीन वाडगे येत. दिसायला नि चवीला एकच रस्सा, फक्त लोणी पहिल्यात कमी, दुसऱ्यात बेताचं, तिसऱ्यात भरपूर. खाणाऱ्याला पत्ता नसायचा. मागे उरलेलं ती ग्रॅमपर्यंत तोलून लिहायची. ते जनुक असलेल्या बहुतेकांचा हात नकळत तिसऱ्याकडे वळतो, हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं.

मागच्या आठवड्यात भाऊ तिथे जेवायला बसला. तिसरा वाडगा त्याने बोटाने पुसून चाटला. सोबतच्या बाया फिदीफिदी हसल्या, "कुणाचा गं हा खादाड?" ताईची मान खाली गेली. लहानपणापासून त्याला हावरट म्हणून हिणवणारी तीच, पण चारचौघींत शोभा नको, म्हणून तिने पहिल्या आणि तिसऱ्या वाडग्याच्या आकड्यांची गुपचूप अदलाबदल केली. वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी छातीला हात लावून गेले होते. भाऊ आता त्रेचाळीसचा. कुठे गहाण ठेवली होती तिने अक्कल?

त्याने दुसरा पाव उचलला तशी तिने बशी ओढून घेतली.

"मी खोटं लिहिलं. तिसरा वाडगा तूच चाटूनपुसून खाल्लास. मी आकडे फिरवले. लाज वाटली रे मला तुझी."

सुरी त्याच्या हातात तशीच राहिली. तो आता भडकणार असं तिला वाटलं.

"म्हणजे ती ओढ," तो सावकाश म्हणाला, "रक्तातूनच येते?"

"बरीचशी. म्हणून तर आपल्याला लोणी जपून खायला हवं."

"मी शपथा घ्यायचो, ताई. उपाशी झोपायचो. तू हावरट म्हणायचीस आणि मलाही ते खरंच वाटायचं." "जन्मात एकदा कुणीतरी कागदावर लिहिणार होतं की यात माझा दोष नाही. नेमकं तेवढंच तू खोडलंस?"

नोकरी जाणार हे तिला दिसतच होतं. तरी तिने पायात चपला सरकवल्या.

"चल डॉक्टरीणबाईंकडे. सगळं सांगते."

भावाने लोण्याच्या डब्यावर झाकण लावलं, पण तो जागचा हलला नाही.

"आधी म्हण."

"काय?"

"मी हावरट नाही, असं म्हण."

तिने म्हटलं. तीनदा म्हटलं, तेव्हा कुठे तो उठला.