मागच्या दाराचा रंग

कारखान्याच्या रंगशाळेत त्यांना सगळे मावशी म्हणत. गेली एकोणीस वर्षं मावशींनी मान डोलावल्याशिवाय एकही गाडी तिथून बाहेर पडली नव्हती. रंग मोजणाऱ्या यंत्रानं पास केलेली गाडीसुद्धा त्या उन्हात उभी करून पुन्हा बघत. त्यांची सून तिथेच रंगाच्या फवारणीला होती. घरी दोघींचं बरं जमे. कामावर मात्र सुनेनं शब्द उलटवायचा नाही, असा न बोलता ठरलेला नियम होता.

कंपनीनं तीन वर्षं खपून एक आलिशान गाडी तयार केली होती, निळसर राखाडी. तिचं अनावरण सकाळी अकराला होतं. आदल्या दिवशी डाव्या बाजूच्या मागच्या दारावर ओरखडा उठला, म्हणून ते घाईघाईनं पुन्हा रंगवलं. ते जरा पिवळट वाटतंय, असं सुनेनं चाचरत सांगितलं. मावशींनी ते उडवून लावलं. तू रंगवायचं बघ, बघायचं मी बघते, असं म्हणत त्यांनी यंत्र न लावताच तपासणीच्या कागदावर सही ठोकली.

सकाळी दहाला सभागृहात दिवे लावून बघणं चाललं होतं. दिवेवाल्यानं शिडीवरून सहज विचारलं, हे एक दार मुद्दाम वेगळ्या रंगाचं ठेवलंय का? मावशी गाडीजवळ गेल्या. वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. दार आणि शेजारचा पत्रा त्यांना अगदी एकसारखे दिसत होते. वर्षभर त्यांना दिव्यांभोवती वलयं दिसत होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणून त्यांनी ते कुणाच्या कानावर घातलं नव्हतं.

त्यांनी सुनेला बाजूला घेतलं.

"खरं सांग. वेगळं दिसतंय?"

"दिसतंय, आई. कालच्यापेक्षा जास्तच."

मावशी सुनेला घेऊन तडक व्यवस्थापकांकडे गेल्या. ते निमंत्रितांच्या यादीत मान खुपसून बसले होते.

"साहेब, ते दार मी चुकीचं पास केलं. हिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला आता नीट दिसत नाही."

साहेबांचा चेहरा पडला. गाडीची उजवी बाजू लोकांकडे करू, असं ते म्हणाले; पण फोटो काढणारे चारी बाजूंनी फिरणार होते. मग सूनच बोलली. चाचणीच्या गाडीचं दार याच मूळ रंगातलं आहे, ते इकडे बसवता येईल, असं तिनं सुचवलं. फिटरनं पाऊण तासात दार बदललं. सुनेनं यंत्र लावून पाहिलं, दिव्यांखाली पाहिलं आणि नव्या कागदावर सही केली. मावशींनी पेनाचं टोपण तेवढं धरलं.

पडदा सात मिनिटं उशिरा सरकला. टाळ्या भरपूर पडल्या. साहेब रागावले नाहीत. आधी डॉक्टरांना दाखवा, मगच कामावर या, एवढंच म्हणाले.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी मावशी स्वयंपाकघरात कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. या भिंती इतक्या पिवळ्या कधी झाल्या, म्हणून विचारू लागल्या.

"चार वर्षं झाली," सून म्हणाली. "तुम्ही पांढऱ्या म्हणायचात, मग आम्हीही पांढऱ्याच म्हणायचो."

मावशींना आधी राग आला, मग हसू आलं. रविवारी दोघी रंगाच्या दुकानात गेल्या आणि पांढऱ्याच्या दोन छटांवरून तासभर भांडल्या.