माझ्यावरचा लाल रंग

मी प्लॅस्टिकची छोटी जीप बोलतेय. डब्यात सुटे भाग मिळतात आणि घरी बसून जोडायचे असतात, त्यातली. आज माझ्या अंगावर रंगाचा कणही उरलेला नाही आणि माझा संताप अजून शमलेला नाही.

भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. साच्यातून निघाले तेव्हा मी पांढरीफटक होते. रतनबाईंनी मला लाल रंग दिला. काडीला अडकवून त्या एकेकीला फिरवायच्या, फवारा मारायच्या आणि पुढची जीप घ्यायच्या. शेडमध्ये उग्र वास कोंडलेला. नाकाला पदर गुंडाळून त्या दिवसभर तेच करायच्या. मी चकचकीत झाले, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

पुण्याच्या दुकानातून आनंदरावांनी मला भोरला आणलं. ते बँकेत नोकरीला. असल्या गाड्या जोडायचा त्यांना नाद. डबा उघडून त्यांनी नाक मुरडलं.

"रंग नुसता थापलाय. दाराच्या रेघासुद्धा बुजल्यात."

त्यांनी तो काढायचं ठरवलं. आधी थिनर लावलं, तर माझं मडगार्डच विरघळलं. त्यातही दोष माझाच. "हलकं प्लॅस्टिक," म्हणाले. मग बायकोच्या दवाखान्यातलं स्पिरिट आणून मला त्यात बुडवलं आणि जुन्या टूथब्रशनं घासलं. एवढ्याशा कामाला खिडक्या सताड उघड्या, हातात मोजे, तोंडाला भारीतला मास्क. बशीत लाल पाणी साचत होतं. कुणाची तरी मेहनत खरवडून काढताना हा माणूस खुशाल गाणं गुणगुणत होता.

त्यांच्या पत्नी सौदामिनीताई डॉक्टर. दवाखाना घरातच, पुढच्या खोलीत. मला वाळायला ठेवलं ते पेशंटच्या बाकाशेजारी. दुसऱ्या दिवशी त्या बाकावर खोकत येऊन बसल्या रतनबाईच. त्यांनी मला उचललं, उलटंपालटं केलं.

"ही आमच्या शेडातली. रंग म्याच दिला हुता हिला."

माझे उरलेले भाग घासायला निघालेले आनंदराव मास्क गळ्यात अडकवून शेजारीच उभे होते. ते ओशाळले. "जरा जाड बसला होता, म्हणून काढला."

"बसंल न्हाई तर काय. डोळ्यांतनं पाणी गळतंय. कुठवर मारलाय ते दिसत न्हाई."

सौदामिनीताई दारात आल्या होत्या. "नाकाला काय लावता?"

"पदर."

ताईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. आनंदरावांनी गळ्यातला मास्क काढला.

तपासून झाल्यावर ताई म्हणाल्या, "औषध देते, पण तुम्ही परत त्याच हवेत जाणार. उद्या मीच येते शेडवर."

"नगा बाई, कामावरनं काढतील." रतनबाई जायला उठल्या, दाराशी वळल्या. मग म्हणाल्या, "या. मंग बघू काय व्हतंय."

दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन ताईंनी मला मालकाच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, रंग मारणाऱ्या बायकांना मास्क का नाहीत?

मालक हसले. "कपाटभर आहेत मॅडम. या बायकाच घालत नाहीत. सवय नाही त्यांना."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मला कुठली वाचा. रतनबाई दारातूनच बोलल्या, खोकला दाबत.

"कपाटाची किल्ली तुमच्या खिशात असती, साहेब. तपासायला कुणी आलं की उघडताय, गेलं की लावताय. आत्ता उघडा."

आतले फवारे एकेक करून थांबले. सगळ्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मालकांनी खिशात हात घातला.

मास्क मिळाले. रतनबाईंना आता डबे भरायचं काम आहे, पण खोकला गेलेला नाही. ताईंनी शेडला हवा बाहेर टाकणारा पंखा मागितला, तर मालक म्हणतात, पंख्यानं धूळ उडते आणि ओल्या रंगावर बसते. म्हणजे काळजी आहे ती आमच्या रंगाची.

नको आम्हाला असला रंग. त्या शेडमध्ये श्वास घेण्याजोगी हवा येईपर्यंत आम्हाला बिनरंगाच्याच विका.