केळवणाचा आग्रह

गाझियाबादच्या वसुंधरा वसाहतीत राहणाऱ्या दिघ्यांच्या घरी रविवारी सकाळी पोहे होत. पण ते ताटलीत पडण्याआधी संपदाला वजनकाट्यावर उभं राहावं लागे. कुमुदताई हातातला झारा तसाच धरून स्वयंपाकघरातून येत, वाकून आकडा वाचत आणि बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात तो सांगत. शांतारामराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता 'अच्छा' म्हणत. आकडा उतरलेला असला की आई दिवसभर लाडात बोले. तेवढाच राहिला असला की ती काहीच बोलत नसे. सव्वीस वर्षांच्या, नोएडातल्या एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या संपदाला त्या अबोल्याची धास्ती वाटे.

कुमुदताई दुष्ट होत्या असं कुणी समजू नये. दिल्लीतल्या मराठी घरांमध्ये मुलीचं स्थळ घेऊन त्या वर्षानुवर्षं फिरल्या होत्या. मुलगी शिकलेली, गोरी, गळ्याने गोड, असं सगळं ऐकून घेतल्यावर समोरची बाई फोटो परत देत म्हणे, "बाकी सगळं छान आहे हो." त्या 'बाकी'चा अर्थ कुमुदताईंना पाठ झाला होता. एका मुलाच्या आईने तर चहा पिता पिता संपदाला उठून चालून दाखवायला सांगितलं होतं, आणि संपदा चालली होती. त्या दिवशी घरी आल्यावर कुमुदताईंनी मुलीला जवळ घेतलं नाही. त्यांनी दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयाचा नंबर शोधला.

तिथे वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया होत असे. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर कृतिका नावाच्या मानसतज्ज्ञ बाईंनी संपदाला विचारलं, की ती कधी चोरून खाते का, मन उदास झालं की हात डब्याकडे जातो का. संपदा उत्तर जुळवत होती, तोवर शेजारी बसलेल्या आईने हिंदीत सांगून टाकलं, की आमच्या मुलीला असली काही सवय नाही. खरं तर संपदा बारा-तेरा वर्षांची असल्यापासून आईच्या टोमण्यांनंतर फरसाणाचा डबा घेऊन गच्चीवर जाऊन बसत असे. ते कुणाला कळलं नाही, आणि पोट कापून लहान करण्यात आलं.

वजन झरझर उतरलं. ज्यांनी कधी मान वळवून बघितलं नव्हतं ते गणेशोत्सवात थांबून थांबून बोलू लागले. गुडगावला नोकरी करणाऱ्या इंद्रजितचं स्थळ आलं आणि पहिल्याच बैठकीत ठरलं. त्याची आई प्रमोदिनीबाई म्हणाल्या, मुलगी नीटनेटकी आहे, आमच्याकडे सगळे जेवायचे शौकीन आहेत, तेवढं मात्र तिने निभवावं. शस्त्रक्रियेबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे कुमुदताईंनी घरात बजावून ठेवलं. चालण्याने आणि खाण्यावरच्या ताब्याने मुलगी बारीक झाली, असं सगळ्यांना सांगायचं. त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर रोज घ्यायच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या ओट्यावरून आधी कपाटात गेल्या, मग कपाटात मागे गेल्या, आणि मग घ्यायच्याच राहून गेल्या.

आणि केळवणं सुरू झाली.

लग्नाआधी मुलीला जेवू घालण्याची ही आपली प्रेमाची रीत. परगावी राहणाऱ्या माणसांनी तर ती जास्तच हौसेने जपलेली. ज्या काकू-मावश्यांनी संपदाला लहानपणी दुसरी पोळी घेताना डोळे वटारले होते, त्याच आता तिच्या पानात श्रीखंड वाढत होत्या. रांगोळी, औक्षण, नाव घेण्याचा हट्ट, आणि मग आग्रह. संपदाच्या पोटात चार घासांची जागा होती. गोड खाल्लं की तिला दरदरून घाम फुटे, छाती धडधडे, पोटात पीळ पडे. पहिल्या केळवणाला तिने पानावर हात आडवा धरला, तेव्हा आईने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आग्रह मोडू नकोस, लोकांना शंका येईल. खा, आणि मग आत जाऊन ये."

आत जाऊन काय करायचं हे सांगावं लागलं नाही. संपदा गेली, नळ सोडला, आणि हलकी होऊन परत आली. आईने तिला पदराखालून वेलदोडा दिला.

पहिल्यांदा हे नाइलाजाने झालं. पण मग संपदाला त्यातली सोय कळली. वजन परत वाढेल ही भीती तिच्या डोक्यात चोवीस तास होती, आणि या भीतीवर आता इलाज सापडला होता. ती दिवसभर काही खाईना. संध्याकाळी मेट्रोतून उतरली की स्टेशनबाहेर बिस्किटं घेई, वितळलेलं आइसक्रीम घेई, भिंतीकडे तोंड करून थोडं थोडं खात राही, आणि घरी येऊन ओकून टाकी. कधी घास नुसता चावून कागदात थुंके. केस मुठीमुठीने गळू लागले. आईने लग्नासाठी गंगावन आणून ठेवलं.

केसांसाठी म्हणून संपदा एकटीच रुग्णालयात गेली. आहारतज्ज्ञ बाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि तिला डॉक्टर कृतिकांकडे पाठवलं. या वेळी शेजारी आई नव्हती. संपदाने सगळं सांगितलं, गच्चीवरच्या डब्यापासून पदराखालच्या वेलदोड्यापर्यंत. डॉक्टर तिला रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, शस्त्रक्रियेने पोट लहान होतं, भीती लहान होत नाही. मधुमेहाने जेरीस आलेल्या कितीतरी माणसांचं आयुष्य या शस्त्रक्रियेने सावरतं, पण त्यांनाही नंतर मनाची देखभाल लागते. तुला जडला आहे तो आजार आहे आणि तो बरा होतो. ठरावीक वेळाने थोडं थोडं खायचं, खाल्ल्यावर अर्धा तास कुणाच्या तरी सोबतीला बसायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, दर आठवड्याला येऊन बोलायचं, आणि घरातला वजनकाटा काढून टाकायचा. केळवणं बंद.

आजार हा शब्द ऐकून संपदाला रडू आलं. तोवर ती स्वतःला चोर समजत होती.

कचेरीतली मैत्रीण तनया हिला तिने सगळं सांगितलं, आणि ती तिच्याबरोबर जेवायला बसू लागली. जेवण झालं की दोघी जिन्यात बसून फालतू गप्पा मारत. ओकारीची ओढ येई आणि ओसरून जाई. पंधरवडाभर हे चाललं. संपदाला रात्री झोप लागू लागली.

घरातला वजनकाटा मात्र कुणी काढला नव्हता. त्या रविवारी आकडा दीड किलोने वर सरकला. कुमुदताईंनी झारा खाली ठेवला आणि मुलीच्या पिशवीतून रुग्णालयाचा कागद शोधून काढला. लग्न तोंडावर आलेलं असताना मुलगी वेड्यांच्या डॉक्टरकडे जाते हे तिकडे कळलं तर काय होईल, हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं. शांतारामराव म्हणाले, लग्नानंतर बघू. संपदा रडत म्हणाली, की तिला बरं वाटतंय, तिला जाऊ दे. कुमुदताईंनी तिच्यादेखत डॉक्टरांना फोन लावला आणि मुलगी पूर्ण बरी आहे, आता येणार नाही, असं कळवलं.

पुढची केळवणं पाठोपाठ झाली. आता ओकारी काढावी लागत नव्हती, आपोआप येत होती. पाणीसुद्धा ठरेना. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात ओळखीच्या अधिकाऱ्यांनी हौसेने घातलेल्या शेवटच्या केळवणाला संपदाला एका पानाची दोन पानं दिसू लागली. ती पाय फाकून, भिंतीला धरून चालत होती. बायका कौतुकाने म्हणाल्या, किती नाजूक झाली आहे, वाऱ्याने उडेल. नाव घ्यायला सांगितलं तेव्हा तिला इंद्रजितचं नाव आठवेना. सगळे हसले. लाजली, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघरात पडली. तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, की आधी काही आजार, एखादं ऑपरेशन झालं आहे का.

दाराशी प्रमोदिनीबाई उभ्या होत्या. बातमी कळताच त्या गुडगावहून धावत आल्या होत्या. कुमुदताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे पाहिलं.

"नाही. कुछ भी नहीं हुआ है," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या धावपळीचा थकवा आहे."

शांतारामराव शेजारीच होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

अशक्तपणा समजून संपदाला ग्लुकोजची सलाईन लावली गेली. महिनाभर ओकून जिच्या अंगातलं ब-एक जीवनसत्त्व संपलेलं असतं, तिच्या मेंदूला आधी ते जीवनसत्त्व न देता नुसती साखर चढवणं घातक ठरतं. शस्त्रक्रिया झाली आहे हे ठाऊक असतं तर तो डॉक्टर थांबला असता. त्याला ते कुणी सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत संपदाला आपण कुठे आहोत ते कळेना. ती आईला 'मॅडम' म्हणून हाक मारू लागली.

तनया भेटायला आली ती हे पाहून हादरली. आत जाऊन डॉक्टरला सगळं खरं तिनेच सांगितलं. कुमुदताईंनी तिचा हात धरला होता, तो तिने झटकला. त्यानंतर योग्य इंजेक्शनं, मोठं रुग्णालय, आणि डॉक्टर कृतिका. संपदा वाचली. पण पायांचा तोल पूर्ण परतला नाही. सकाळी काय झालं ते दुपारी तिला आठवत नसे. नकाशे काढणारा हात कागदावर थांबून राही.

इंद्रजितने एकदा फोन केला. त्याने तिची तब्येत विचारली आणि आई फार दुखावली आहे, आमच्यापासून लपवायला नको होतं, असं सांगितलं. त्याचा पुन्हा फोन आला नाही.

उपचार पुन्हा सुरू झाले. काटा शांतारामरावांनी स्वतः भंगारवाल्याला दिला. आता खाणं झालं की तेच तिच्याजवळ अर्धा तास बसत. बोलायला सुचत नसे, तर वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत. काही दिवस बरे जात, काही दिवस संपदा दार लावून घेई. बरं व्हायला वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं. कुमुदताई लोकांना मेंदूचा ताप आला होता असं सांगत.

अशात एका दुपारी कल्पनाकाकू आल्या. शांतारामरावांच्या धाकट्या भावाची बायको. दिल्लीत मुनिरकाजवळ राहायच्या. बरोबर त्यांची दहावीतली मुलगी निधी, गोलमटोल, ओढणी पोटाशी धरून बसणारी. चहा झाल्यावर काकूंनी आवाज खाली आणला आणि जावेला विचारलं, की ती शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर कोण. तनयाने दवाखान्यात सांगितलेलं सगळं नातेवाइकांत केव्हाच पसरलं होतं.

"हिची कमी वयातच करून टाकावी म्हणते," काकू म्हणाल्या. "पुढे तुमच्यासारखी दारोदार हिंडायची वेळ नको."

कुमुदताईंनी फोन हातात घेतला आणि त्या नंबर शोधू लागल्या.

संपदा वॉकरला धरून उठली. शब्द जुळायला तिला वेळ लागला, पण ती थांबली नाही.

"आई, नंबर देऊ नकोस," ती म्हणाली. "मला मेंदूचा ताप आला नव्हता. मला खायची भीती बसली होती. तू मला ओकायला शिकवलंस, आणि डॉक्टरने विचारलं तेव्हा खोटं बोललीस. हे मी विसरत नाही. बाकी सगळं विसरते."

कुमुदताईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला. काकू घाईने उठल्या, उशीर झाला म्हणाल्या, आणि चपला शोधायला बाहेर गेल्या.

निधी मात्र जागेवरच होती. ती ताईच्या मनगटाकडे, उघड्या पडलेल्या गळ्याच्या हाडांकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत भीती नव्हती. ती हळूच म्हणाली,

"ताई, पण तू पतली तर झालीस ना?"

बाहेरून काकूंची हाक आली. संपदाने निधीचा हात धरला. तिला शेजारी बसवून घेतलं, आणि जे आठवत होतं ते सगळं ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.